भिंतीतली नखं

"माझ्या सासूबाई पायऱ्यांखाली पडल्यात. शुद्ध नाही. श्वास चालू आहे, पण मध्येमध्ये अडकतोय, ओल्या फडक्यातून हवा ओढल्यासारखा. रुग्णवाहिका बोलावली आहे. तुम्हीही या. त्या आपणहून पडल्या असं मला वाटत नाही."

फोनवरचा बाईचा आवाज इतका शांत होता, की इन्स्पेक्टरांनी पत्ता दोनदा विचारून घेतला. अशा वेळी लोक रडतात, ओरडतात, घराचा नंबर विसरतात. ही बाई मात्र फाटकाची कडी अडकते, जरा वर उचलून उघडा, हेसुद्धा सांगायला विसरली नाही.

ते पोहोचले तोवर काकूंना दवाखान्यात हलवलं होतं. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची. उभं आयुष्य त्यांनी सिनेमासाठी भुतांचे चेहरे घडवले होते. हॉलमधून काही दगडी पायऱ्या चढून गेलं, की त्यांची मुखवट्यांची खोली लागायची. तिच्या बरोबर वर सुनेची कामाची खोली. काकू सापडल्या त्या दगडी पायऱ्यांच्या तळाशी.

इन्स्पेक्टर पायऱ्या चढले आणि उंबऱ्यातच थबकले. चारही भिंतींवरून चेहरे त्यांच्याकडे बघत होते. बिनडोळ्यांचे, बिनओठांचे, एकाला तर दोन तोंडं.

"रबर आहे साहेब," मागून हवालदारबाई म्हणाल्या.

"माहीत आहे मला."

"मग आत व्हा की."

इन्स्पेक्टर आत झाले. नोकरीत त्यांनी खरी प्रेतं पुष्कळ पाहिली होती, त्यांची त्यांना भीती वाटत नसे. खोट्याची वाटायची. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही कधी धड सांगितली नव्हती.

खोलीच्या मधोमध एका खांबावर लाकडी डोकं होतं. उघडंबोडकं.

"तिथं काळी आजी असायची," सून दारातून म्हणाली. तिशीची बाई, केस घट्ट बांधलेले, पायांत कापडी चपला. तिची पावलं वाजत नव्हती. "आईंचं पहिलं मोठं काम. त्या मुखवट्यानं एके काळी थिएटरं रिकामी केली होती म्हणतात. आता रबर पार जुनं झालंय. आईंशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. मीसुद्धा नाही."

"घरात कोण होतं?"

"आई आणि मी."

"बाहेरचं दार?"

"दिवसा नुसतं लोटलेलं असतं. आईंकडे माणसांचं येणं-जाणं असतं. दुपारी त्या हॉलमध्ये जरा पडतात."

"तुम्ही कुठं होता?"

"वर. कामात."

"कसलं काम?"

"सिनेमाला आवाज पुरवते मी. पावलं, दारं, कपड्यांची सळसळ. पडद्यावर नट जिना चढतो, पण पाय माझे वाजतात."

"म्हणजे ऐकणं हाच धंदा तुमचा. आणि खालच्या पायऱ्यांवरून माणूस पडलं ते ऐकू आलं नाही?"

"नाही आलं." तिनं नजर वळवली नाही. "एक प्रसंग मोठ्या आवाजात परत परत लावून बघत होते. दाराखालची आवाज अडवणारी पट्टी निघालीय, सगळ्या घरभर घुमत होतं. त्यात छप्पर कोसळलं असतं तरी कळलं नसतं."

"कुठला प्रसंग?"

"आजच लागलाय त्या नव्या सिनेमातला. भिंतीचा."

"तुमचाच सिनेमा?"

"शेवटी बारीक अक्षरात नाव आहे. काम फारसं उरलेलं नाही त्यात. दिग्दर्शकानं काढून टाकलं."

इन्स्पेक्टरांनी घसा खाकरला. पुढचा प्रश्न त्यांना आवडत नव्हता. "शेजारी म्हणतात, सकाळी भांडण झालं. सासूबाई ओरडत होत्या."

"होत्या ना. पण माझ्यावर नाही. माझ्यासाठी."

"म्हणजे?"

"त्या दिग्दर्शकाच्या नावानं शंख करत होत्या. त्याला कान आहेत की कानांची भोकं, असं चाललं होतं. मग मला म्हणाल्या, रडतेस काय, वर जा आणि त्याच्या नाकावर टिच्चून परत कर, आधीपेक्षा झकास कर. स्वतःची कोरणी काढून दिली हातात. दुपारभर तेच करत होते." इथं पहिल्यांदाच तिचा आवाज जरा घसरला. "चहाला खाली आले, तर..."

बाहेर आल्यावर हवालदारबाईंनी नाक उडवलं. "सासू सुनेसाठी ओरडते! तीस वर्षं संसार केलाय साहेब, असली सासू मला तरी कुठं भेटली नाही."

"म्हणून ती नसतेच असं नाही," इन्स्पेक्टर म्हणाले. पण म्हणताना त्यांना स्वतःचंच पटत नव्हतं.

दवाखान्याच्या बोळात काकूंचा मुलगा भिंतीला टेकून उभा होता. पुलांचे नकाशे काढायचं काम करायचा तो, बोटांना अजून शाई होती.

"सकाळी आईला फोन केला होता मी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तिचा आवाज चढलेला होता. म्हणाली, नंतर बोलते, आता डोकं फिरलंय."

"कुणावर फिरलंय ते म्हणाल्या का?"

"नाही."

"बायकोवर संशय आहे तुमचा?"

"मी तसं म्हणत नाही."

"मग कसं म्हणता?"

त्यानं बोटांवरची शाई अंगठ्यानं घासली. "घरात दोघीच होत्या साहेब," शेवटी म्हणाला.

बोळाच्या दुसऱ्या टोकाला बाकावर सून बसली होती. अंतर बरंच होतं, पण तिची मान एकदम खाली गेली. ऐकू गेलं होतं तिला.

नर्सकडून एकच उपयोगाची गोष्ट कळली. काकूंच्या उजव्या हाताच्या नखांत काळी, ठिसूळ भुकटी अडकली होती. माती नव्हे, रंग नव्हे. वाळून चुरा झालेलं रबर.

त्याच संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. "घरात दोघीच होत्या ना? मुखवटा तिनंच कुठंतरी दडवला असणार, चोरीचा देखावा करायला. आज गुरुवार. सोमवारी सकाळपर्यंत दुसरं नाव द्या, नाहीतर सुनेला ताब्यात घ्या."

"साहेब, मला वाटतं..."

"काय वाटतं?"

"नक्की काही नाही," इन्स्पेक्टर म्हणाले आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चडफडले. आपल्याला काही वाटतं हे ठामपणे सांगायला त्यांना कधी जमलंच नव्हतं.

त्यानंतर दवाखान्यात तिघेजण आले. एक गुबगुबीत दंतवैद्य, एक निवृत्त भूगोलाच्या बाई, आणि जुन्या वस्तूंचं दुकान चालवणारा एक सडपातळ, टापटीप चष्मेवाला. तिघांचेही चेहरे उतरलेले. काकूंना धरून चौघांचं मंडळ होतं. दर रविवारी दुपारी दंतवैद्यांच्या बंद दवाखान्यात जमायचं आणि नुकत्याच बघितलेल्या भयपटांवर मतं सांगायची. दुसरा उद्योग नाही.

"दंतवैद्याच्या दवाखान्यात?" हवालदारबाईंनी विचारलं.

"वातावरणनिर्मिती," दंतवैद्य म्हणाले. एरवी या विनोदावर ते स्वतः हसत असावेत. आज हसले नाहीत.

"आज दुपारी कुठं होता तिघं?"

"थिएटरात," बाई म्हणाल्या. "नव्या सिनेमाचा पहिला खेळ. काकूंचा गुडघा सुजला होता, म्हणून त्या राहिल्या. नाहीतर..." त्यांनी पदर तोंडाला लावला.

तिघांनीही अर्धी तिकिटं काढून दाखवली. थिएटर काकूंच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं.

"शेजारी शेजारी बसला होतात?"

"छे!" चष्मेवाला म्हणाला. "आमचे नियम आहेत. लांब लांब बसायचं. शेजारी ओळखीचं माणूस असलं की निम्मी भीती त्याच्याकडे जाते. एकदाच बघायचं. आणि बघितल्यावर रविवारपर्यंत एकमेकांशी त्यावर अवाक्षर बोलायचं नाही. मत शिळं होतं."

"रविवारी मात्र एकेकानं बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही," दंतवैद्यांनी भर घातली. "आणि शेवट सांगायचा नाही. कधीच नाही. सगळ्यांनी पाहिलेला असला तरी नाही."

"काळ्या आजीबद्दल काय माहीत आहे तुम्हाला?"

तिघंही एकदम बोलू लागले. तो मुखवटा म्हणजे काय चीज आहे, तिच्या गालाची घडी, तिची हनुवटी. मग बाई म्हणाल्या, "मागच्या महिन्यात काकूंनी जाहीर केलं, की ती आता विरघळायला लागलीय, तिला आपण आपल्या हातानं चुलीत घालणार. मी रडले हो. डॉक्टर चिडले. हे म्हणाले, माझ्याकडे द्या, मी काचेत ठेवतो. पण काकू कुणाचं ऐकतात?"

"जाळणार म्हणजे काय!" दंतवैद्य अजूनही चिडलेले होते. "ती काय त्यांची एकट्याची होती?"

शनिवारी दुपारी इन्स्पेक्टर हवालदारबाईंना घेऊन थिएटरात गेले. कुणाला मधूनच बाहेर पडता येतं का, हे बघायचं होतं. बाहेर पडता येत होतं. स्वच्छतागृहाशेजारचं दार गल्लीत उघडत होतं आणि तिथं कुणीही बसत नव्हतं. एवढं बघून इन्स्पेक्टर परतले असते. पण हवालदारबाईंनी दोन तिकिटं काढून ठेवली होती.

"तपासाचाच भाग आहे साहेब."

दिवे गेले. पावसात एक गाडी आली, एका बाईनं आणि तिच्या मुलीनं एका जुन्या घराची किल्ली उचलली. संगीताचा सूर खाली गेला आणि इन्स्पेक्टरांनी डोळे मिटून घेतले. गच्च. त्यापुढे त्यांनी सिनेमा फक्त ऐकला. जिना कुरकुरला, नळ ठिबकला, कुणी कुणाच्या कानाशी काही पुटपुटलं. ऐकण्यानं भीती कमी होईल ही त्यांची कल्पना साफ चुकीची निघाली.

मग आईचा आवाज आला, घाबरलेला: "दार उघडू नकोस. काही झालं तरी उघडू नकोस."

आणि त्यानंतर काहीच नाही.

श्वास नाही, पाऊल नाही, सूर नाही. मागच्या रांगेत कुणीतरी वेफर्सच्या पिशवीत हात घातला, ती खडखड अख्ख्या थिएटरला ऐकू गेली. इन्स्पेक्टरांना वाटलं, मशीन बिघडलं.

"आवाज बंद पडला का?" त्यांनी कुजबुजून विचारलं.

"नाही, असंच आहे. डोळे उघडा साहेब, लख्ख ऊन आहे पडद्यावर."

त्यांनी एक डोळा किलकिला केला. भर दुपारचं ऊन, पांढरी स्वच्छ भिंत, तिच्यासमोर एकटी मुलगी. एवढंच. तरीही त्यांनी डोळा परत मिटला.

"बायकोला सांगू का?" बाहेर आल्यावर हवालदारबाईंनी विचारलं.

"बदली हवीय का तुम्हाला?"

रविवारी दुपारी दंतवैद्यांच्या दवाखान्यात चार खुर्च्या मांडल्या होत्या. एक मोकळी. इन्स्पेक्टर आणि हवालदारबाई दाराशी स्टुलांवर बसले. आज जमायचं की नाही यावर मंडळात वाद झाला होता म्हणे. बाई म्हणाल्या होत्या, काकू शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारतील, सिनेमा कसा होता.

"आम्ही नुसते ऐकतो," इन्स्पेक्टर म्हणाले. "तुमचं चालू द्या. नेहमीसारखं."

खुर्च्यांच्या क्रमानं चष्मेवाल्याची पाळी पहिली होती. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सुरुवात पसरट आहे," तो म्हणाला. "पाऊस, गाडी, जुनी किल्ली. किती वेळा बघायचं तेच? मी तर कंटाळून उठणार होतो. पण तो एक प्रसंग! मी सांगतो तुम्हाला, गेल्या कित्येक वर्षांत असं काही झालं नाही. आई म्हणते दार उघडू नकोस, आणि मग ती नखं. आधी तीन, घाईघाईनं. मग थांबतात. आपण म्हणतो, संपलं. आणि मग एक. लांबच लांब. असं." त्यानं खुर्चीच्या लाकडी हातावर नखं ओढली. तीन झटपट, मग एक संथ, शेवटाला जरा वर चढणारं. "वाटतं, आत कुणी मरत नाहीये, लिहितंय. मी जागचा हललो नाही. हलताच येईना मला. शेवटाबद्दल नियमाप्रमाणे गप्प."

तो खरोखर भारावून गेला होता. त्याच्या हातांवर काटा आलेला इन्स्पेक्टरांना लांबूनही दिसला.

भूगोलाच्या बाई गोंधळल्या. "नखं? मला नाही हो ऐकू आली. मला तर तिथं काहीच ऐकू आलं नाही. म्हणून तर घाम फुटला मला."

"अहो बाई, तीच तर गंमत!" दंतवैद्य म्हणाले. "एवढी शांतता केलीय, की ज्याला त्याला आपलं आपलं ऐकू येतं. यांना नखं ऐकू आली. मला माझं ड्रिल ऐकू आलं."

"तुमच्या पेशंटांना तेच रोज ऐकू येतं," बाई म्हणाल्या, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिघंही हसले.

चष्मेवाला किंचित उशिरा हसला. "असेल. मनानंच ऐकली असतील."

इन्स्पेक्टर हवालदारबाईंच्या कानाशी झुकले आणि काहीतरी बोलले. त्या लगबगीनं बाहेर गेल्या.

"एक विचारू का?" इन्स्पेक्टर म्हणाले. "मी या विषयात अगदीच अडाणी आहे. तो भिंतीचा प्रसंग चालू असताना खोलीत दिवा होता का?"

"कसला दिवा साहेब," चष्मेवाला म्हणाला. "मिट्ट काळोख."

बाईंनी तोंड उघडलं. इन्स्पेक्टरांनी हात वर केला. "मध्ये बोलायचं नाही ना? मग थांबा जरा. आधी तुमची दोघांची मतं होऊ द्या."

दोघांनी मतं सांगितली, पण आता त्यांत जीव नव्हता. बाईंचं लक्ष सारखं चष्मेवाल्याकडे जात होतं. चष्मेवाला तेवढा वेळ चष्माच पुसत राहिला.

हवालदारबाई परतल्या तेव्हा त्यांच्याबरोबर सून होती. हातात लॅपटॉप, काखेत लहानसा स्पीकर.

"ताई," इन्स्पेक्टर म्हणाले, "गुरुवारी दुपारी जे लावलं होतं, ते इथं लावा. चित्र नको, फक्त आवाज."

तिनं काही न विचारता यंत्र जोडलं. आईचा तोच घाबरलेला आवाज दवाखान्यात उमटला. दार उघडू नकोस. काही झालं तरी उघडू नकोस.

मग नखं वाजली. तीन, घाईघाईनं. थांबली. आणि मग एक, लांबच लांब, शेवटाला वर चढत गेलेलं.

भूगोलाच्या बाईंनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली. दंतवैद्यांचं तोंड त्यांच्या पेशंटासारखं उघडं राहिलं.

"हा आवाज कधी तयार केलात?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"गुरुवारीच. सकाळी आईंनी कोरणी दिली, तिनं वाळलेल्या मातीवर ओढून केला. दुपारी चित्राशी जुळवून बघत होते."

"त्याआधी कुणी ऐकला होता?"

"आधी तो नव्हताच."

"थिएटरातल्या सिनेमात आहे?"

"नाही. दिग्दर्शकाला तिथं शांतता हवी होती."

इन्स्पेक्टर उठले. बोलायला लागायच्या आधी त्यांनी नेहमीप्रमाणे घसा खाकरला, पण या वेळी आवाज स्थिर होता.

"मी हा सिनेमा काल पाहिला. पाहिला म्हणजे ऐकला. मला भीती वाटते, एकदा किलकिले केले तेवढे सोडून मी सगळा वेळ डोळे मिटून बसलो होतो. त्यामुळे त्यात काय दिसतं ते मला विचारू नका, पण काय ऐकू येतं ते मला चांगलं ठाऊक आहे. त्या प्रसंगात मला लख्ख ऊन दिसलं, काळोख नाही. आणि तिथं नखं नाहीत. माणसाला शांततेत काहीबाही ऐकू येईल, मान्य. पण आधी तीन, मग एक, आणि शेवटाला वर चढणारं, हे हुबेहूब कसं ऐकू येईल? हा आवाज गुरुवारी दुपारी जगात एकाच ठिकाणी वाजत होता. यांच्या घरात. वरच्या खोलीत वाजत होता आणि खालच्या खोलीत ऐकू येत होता."

चष्मेवाल्यानं खुर्चीच्या हातावरून हात मागे घेतला.

"तुम्ही तिकीट काढून आत बसलात, सुरुवात पाहिलीत, आणि स्वच्छतागृहाजवळच्या दारातून बाहेर पडलात. मित्र लांब लांब बसलेले, कुणी बघणार नव्हतं. काकू त्या वेळी झोपतात हे तुम्हाला माहीत होतं. मुखवटा उचलायचा आणि खेळ संपायच्या आत परत येऊन बसायचं. रविवारी मत द्यावं लागणार, त्याचीही चिंता नव्हती. तोवर कुणी त्यावर बोलणार नाही आणि शेवट तर कधीच कुणी विचारणार नाही. मंडळाचे नियम तुमच्या सोयीचेच होते."

"पण मग झालं काय?" दंतवैद्यांना राहवेना.

"झालं असं, की मुखवटा हातात आला आणि वरून सिनेमा ऐकू यायला लागला. यांनी ज्याच्यावर पाणी सोडलं होतं, तोच सिनेमा. पात्रांचे आवाज ओळखीचे होते. कुठलाही चोर तेव्हा पळून गेला असता. हे थांबले. जागचा हललो नाही, हलताच येईना, हे यांनी आत्ता आपल्या तोंडानं सांगितलं. ते खरं होतं. फक्त ते थिएटरात झालं नाही. हे मान वर करून ऐकत उभे राहिले, आणि तेवढ्या वेळात काकू जाग्या झाल्या."

दंतवैद्यांनी आपली खुर्ची चष्मेवाल्यापासून जरा लांब ओढली.

"पायऱ्यांवर त्यांची चाहूल लागली. तोंड लपवायला हातात एकच गोष्ट होती. ती यांनी चेहऱ्यावर चढवली. काळ्या आजीला बघून शेकडो माणसं किंचाळली असतील, पण काकूंनी तिला जन्म दिलेला. त्या कशाला भितील? त्यांनी सरळ पुढे होऊन मुखवट्याला हात घातला. म्हणून त्यांच्या नखांत रबराची भुकटी आहे. आणि तुम्ही त्यांना ढकललंत."

"हे सगळं कल्पनेचं आहे," चष्मेवाला म्हणाला. "मी काळोख म्हणालो तो आठवणीचा घोटाळा असेल. नखंसुद्धा... एक आवाज ऐकला म्हणून माणूस चोर होतो का?"

"नाही होत," इन्स्पेक्टरांनी लगेच कबूल केलं. "माझं चुकतही असेल. माझं पुष्कळदा चुकतं. म्हणून तर माझी माणसं आत्ता तुमच्या दुकानात आहेत. मागच्या खोलीतले खोके एकेक करून रिकामे करायला सांगितलेत. दांडगी पोरं आहेत, खोका उपडा केला की काम झालं. काही नसेल तर आम्ही तुमची माफी मागू."

चष्मेवाला ताडकन उभा राहिला. चष्मा खाली पडला.

"उपडा? वेडे आहात का तुम्ही? सांगा त्यांना, हात लावू नका! तिची हनुवटी निम्मी सुटलीय, नुसत्या धक्क्यानं गळून पडेल! मी तीन दिवस तिला कापसात..."

तो मध्येच थांबला.

सून पहिल्यांदाच बोलली, आपणहून. "हनुवटी?" ती म्हणाली. "गुरुवारी सकाळी मी पुसायचा कुंचला आणून दिला आईंना. तेव्हा ती पूर्ण होती."

चष्मेवाला खुर्चीत बसला. बसला म्हणजे कोसळलाच.

"त्या तिला जाळणार होत्या," तो म्हणाला. "मी किती विनवलं. मला ढकलायचं नव्हतं. त्यांनी धरून ओढलं आणि ती फाटायला लागली, मला आवाज आला फाटल्याचा, मी नुसतं तिला सोडवायला गेलो." त्यानं बाईंकडे पाहिलं. "तुम्ही तरी समजून घ्या. तुम्ही रडला होतात."

"मी मुखवट्यासाठी रडले होते," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात वात्रट पोराला उभं करताना येत असेल तसा येत होता. "तुम्ही काकूंना त्या दगडावर पडलेलं बघितलंत आणि मुखवटा घेऊन निघून आलात. संध्याकाळी आमच्याबरोबर दवाखान्यात येऊन उभे राहिलात. माझ्या पाठीवर हात ठेवलात तुम्ही!"

हवालदारबाईंनी त्याचा दंड धरला. दारातून बाहेर पडताना तो एकदाच वळला, सुनेकडे.

"तो आवाज," तो म्हणाला, "खरंच अप्रतिम होता."

"चला," हवालदारबाई म्हणाल्या.

दंतवैद्य भिंतीकडे तोंड करून उभे होते. बाई रुमाल शोधत होत्या. सुनेनं स्पीकरची वायर गुंडाळायला घेतली.

इन्स्पेक्टरांचा फोन वाजला. काकूंचा मुलगा होता.

"साहेब, आईनं डोळे उघडले! बोलतेय थोडं थोडं. शुद्धीवर आल्या आल्या हिचंच विचारलं. कुठंय म्हणून. ही तुमच्याकडे आहे का? शेजारी म्हणाले, पोलीस घेऊन गेले. साहेब, तिनं खरंच..."

"मंडळातल्या चष्मेवाल्याला आत्ताच नेलं आम्ही. त्यानं कबूल केलंय."

तो घाईघाईनं म्हणाला, "मला माहीतच होतं. ती असं करणारच नाही."

"मला तुम्ही वेगळं सांगितलं होतंत."

"तेव्हा मी... तिनं ते ऐकलं का हो?"

"मला वाटतं, ऐकलं."

"तुम्ही तिला सांगाल का जरा? त्या वेळी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, एवढंच सांगा. तुमचं ऐकेल ती."

"नाही," इन्स्पेक्टर म्हणाले. "इथंच आहेत त्या. फोन देतो. तुम्ही बोला."

त्यांनी फोन पुढे केला. सुनेनं हात ड्रेसला पुसले आणि तो घेतला. बराच वेळ ती नुसती ऐकत होती. पलीकडचा आवाज कधी चढत होता, कधी रडवेला होत होता, शब्द मात्र तिच्याशिवाय कुणाला कळत नव्हते. तिचा चेहरा हलला नाही.

तो बोलायचा थांबला, तेव्हा ती म्हणाली, "झालं? आता आईंच्या कानाला लाव."

आणि लगेच दुसऱ्याच, हलक्या आवाजात, "आई, मी बोलतेय. हो. निघालेच."